न्हाणीतले लाकूड आणि लेपाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लाकडाच्या लेपाविषयी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. आमच्या वर्गातील एका मित्राने तर मथळा वाचून "तू बी.कॉम.ला आहेस की सुतारकामाला?" असे विचारलेही. त्यावर माझे उत्तर असे की, पहिल्या वर्षी घसाऱ्याचे प्रकरण मी पाठ केले, गुणही बरे मिळाले. पण वस्तू झिजते म्हणजे नेमके काय होते आणि ती झीज थांबविण्यासाठी केलेला खर्चही कसा वाया जातो, हे मला न्हाणीतल्या एका स्टुलाने शिकविले. त्या शिकवणीची फी मात्र माझ्या आजीने भरली. ती कशी हे आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

माझे आजोळ बेल्लमपल्लीचे. काझीपेठेहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे कोळशाच्या खाणींचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाल्यापासून मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. आईचे घराणे मूळचे राजुऱ्याचे. १९५६ पर्यंत राजुरा तालुकाही हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे त्या पिढीला बेल्लमपल्लीच्या खाणीत नोकरीला जाणे म्हणजे परमुलखात जाणे वाटत नसे. आजोबा सिंगरेणीच्या खाणीत टिंबरमन होते. जमिनीखालच्या बोगद्याच्या छताला लाकडी टेकू देणे हे त्यांचे काम. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू असा त्यांचा जन्म गेला. मी वडिलांच्या नोकरीमुळे इकडे सीमाभागात वाढलो. माझी शाळा मराठी, शेजार कानडी. तेव्हा आजोळी गेलो की माझे कानडी तिथे चालत नाही आणि त्यांचे तेलुगू मला अर्धेच कळते.

आजोबा गेले. त्यांचा सागवानी पलंग मागे राहिला. आजीचे गुडघे वाकेनासे झाले, न्हाणीतल्या बुटक्या पाटावर तिला बसवेना. तेव्हा मामांनी त्या पलंगाचे खूर आणि फळ्या वापरून तिच्यासाठी एक उंच स्टूल करून घेतले. मी मे महिन्याच्या सुटीत तिथे होतो. कोरे लाकूड पाण्यात कुजेल म्हणून फ्रेंच पॉलिशचा हट्ट मीच धरला आणि पैसेही मीच दिले, शिकवणीच्या कमाईतून. स्टूल आरशासारखे चमकू लागले. आजी म्हणाली, "बाळा, यावर बसायचं की याची पूजा करायची?"

तीन आठवड्यांत त्या चमकेवर पांढरे डाग उमटले. साबणाची डबी जिकडे असे तिकडची कड चिकट झाली, मग तिचे पापुद्रे निघू लागले. एके दिवशी सकाळी त्या गुळगुळीत, साबणाळलेल्या पृष्ठावरून आजी घसरली. हात नळाला अडकला म्हणून डोके वाचले. मनगट सुजले, हाड मोडले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा जुन्या पाटावर बसू लागली, आणि उठण्यासाठी रोज मामींना हाक मारणे आले. जन्मभर स्वतःची आंघोळ स्वतः केलेल्या बाईला ही हाक मनगटाच्या दुखण्याहून जड जात होती. स्टूल न्हाणीबाहेर भिंतीशी उलटे करून ठेवलेले. दिवाळीत मी गेलो तेव्हा ते तसेच होते.

मामा मला गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे घेऊन गेले. तेलुगूत सुताराला वड्रंगी म्हणतात आणि कानडीत बडिगेर. स्टूल हातात घेऊन त्याने एका पापुद्र्याखाली नख घातले आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मामांनी हसत अर्थ सांगितला, "म्हणतो, म्हशीला शालू नेसवून डोहात सोडलीत." मग त्याने मला विचारले, "तुमच्या न्हाणीत याला वाफ लागते, शिंतोडे लागतात, की पाणी साचून राहते?" मला सांगता आले नाही. लेप कोणता चांगला एवढाच प्रश्न मी केला होता. पाणी कोणते हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. पुढे ग्रंथालयातून आणि रसायनशास्त्राच्या सरांकडून जे कळले ते सारे या एका प्रश्नाभोवती फिरते.

आधी लाकडाचे पाहू. लाकूड म्हणजे पोकळ नळ्यांची मोळी. हवेतला ओलावा वाढला की या नळ्यांच्या भिंती तो शोषून घेतात आणि फुगतात; हवा कोरडी झाली की आकसतात. वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी भिंतीत मुरते, त्यापुढचे पोकळीत साठते. लाकूड कुजविणारी बुरशी वाढायला पुष्कळ ओलावा लागतो. तो २० टक्क्यांच्या आत राहिला तर तिचे काही चालत नाही. म्हणजे लाकूड भिजले म्हणून कुजत नाही, वाळायला सवड मिळाली नाही म्हणून कुजते. दुसरे असे की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे खूर आणि फळी यांच्या सांध्यावर सदैव ओढाताण चालू असते. बेल्लमपल्लीसारख्या गावी, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो आणि पावसाळ्यात भिंतींना घाम सुटतो, तिथे ही ओढाताण अधिकच. सांध्यावरचा ताठर लेप तिथेच तडकतो, पाणी आत शिरते आणि वरच्या शाबूत लेपामुळे बाहेर पडू शकत नाही. जाड लेप दिला म्हणजे निश्चिंत झालो, या समजुतीची गोम येथे आहे.

आता फ्रेंच पॉलिश. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा, आणि चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. तेलुगूत लक्का, कानडीत अरगु. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा एक बारीक किडा ही लाख स्रवतो. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली, यावरून या पदार्थाचे व्यापारी महत्त्व ध्यानात यावे. त्या काळी ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्याच होत. आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना चन्नपट्टणची खेळणी माहीत असतील. फिरत्या चरकावरील लाकडाला लाखेची कांडी टेकवितात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. सावंतवाडीच्या लाखकामाचा लौकिकही आपल्या परिचयाचा. ही सारी कला कोरड्या खोलीतली. न्हाणीत तिचे तीन वैरी आहेत. पहिला, साचलेले पाणी. त्याने लेप पांढरा पडतो. दुसरा, उष्णता, ६५ ते ७० अंशांच्या आसपास चपडा मऊ पडू लागतो, आणि बंबातले कढत पाणी याहून फार दूर नसते. तिसरा आणि सर्वांत घातक म्हणजे साबण. चपडा आम्लधर्मी असल्याने अल्कलीत विरघळतो. धुण्याच्या सोड्यात तो चांगलाच विरघळतो, आणि आंघोळीची वडीही अल्कधर्मीच. आजीच्या स्टुलाची साबणाकडची कडच आधी चिकट का झाली, याचे उत्तर मला प्रयोगशाळेतल्या एका परीक्षानळीत मिळाले.

तरीही चपड्याला सरसकट नापास करणे अन्यायाचे होईल. नुसती वाफ अडविण्यात तो फार चांगला आहे. आरशाची चौकट किंवा उंचावरचे औषधांचे कपाट, जिथे शिंतोडे पोचत नाहीत, तिथे तो खुशाल लावावा. सुताराच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच.

मेणाचा विचार पुष्कळांच्या मनात येतो, कारण मेणावर पाणी ठरत नाही हे आपण लहानपणापासून पाहतो. (मेण हा शब्द कानडीतही मेणच.) पण मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्याचा थर अतिशय पातळ असतो, आणि मुख्य म्हणजे ते निसरडे आहे. ज्यावर म्हातारे माणूस ओल्या अंगाने बसणार त्यावर मेण लावणे मला तरी धोक्याचे वाटते.

राहिली तेले. येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही थोडे रसायन शिकावे लागते. सर्व तेले वाळत नाहीत. खोबरेल महिनाभर ठेवले तरी खोबरेलच राहते. लाकडावर ते चिकट होते, खवट होते आणि धूळ धरते. घरोघरी पाटाला खोबरेल चोळण्याची रीत आहे, ती त्या दिवसापुरती छान दिसते इतकेच. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि शेवटी रबरासारखे लवचीक पापुद्रे धरते. हे वाळणे पाण्यासारखे उडून जाणे नव्हे. उलट त्यात वजन वाढते. तेलाची ही शक्ती त्याच्या आयोडीन अंकावरून मोजतात. जवसाचा अंक १७० ते २००, करडईचा सुमारे १४० ते १५०, शेंगदाण्याचा ८५ ते १०० आणि खोबऱ्याचा जेमतेम ६ ते १०. साधारण १३०च्या वर असेल ते वाळते, असा ठोकताळा आहे. मराठीत लाकडाच्या लेपाला रोगण म्हणतात. हा शब्द फारसीतल्या तेल या अर्थाच्या शब्दावरून आला, हे कळल्यावर मला आपल्या भाषेचे कौतुक वाटले. जवसाची चटणी खाणाऱ्या, आणि इकडे तिला अगसी म्हणणाऱ्या, आपणा सर्वांना हे बी नवे नाही. क्रिकेटची बॅट नवी आणल्यावर तिला तेल पाजतात तेही याचेच.

जवसाहूनही पाण्याला अधिक टिकणारे एक तेल आहे, चीनमधले टंग. कागदी छत्र्या आणि नावा यांसाठी चिनी लोक ते शतकानुशतके वापरीत आले. गुणांत ते वरचढ असले तरी आपल्याकडे सहज मिळत नाही आणि महागही पडते.

"नैसर्गिक" या शब्दाविषयी येथे एक सावधगिरीची सूचना. कोकणात आणि गोव्यात होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते अस्सल नैसर्गिक, लाकूड टिकविण्यात पटाईत, आणि कच्चे असताना कातडीवर फोड आणणारे. काजू, आपला बिब्बा आणि जपानी लोक ज्याच्या चिकापासून सुप्रसिद्ध उरुशी लेप करतात ते झाड, ही तिन्ही एकाच कुळातली. उरुशीची गंमत अशी की तिला वाळायला दमट हवा लागते. कोरड्या हवेत ती नीट वाळतच नाही. ती पूर्ण वाळली म्हणजे पाण्याला उत्तम तोंड देते, पण ते कसबी कारागिराचे काम आहे. उलट दुकानात "उकळलेले जवसाचे तेल" म्हणून जे मिळते त्यात लवकर वाळावे म्हणून कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार घातलेले असतात. तेव्हा नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे आणि डब्यावर लिहिले म्हणजे नैसर्गिकही नव्हे. मी शिसे नसलेले उकळलेले तेल घेतले, कारण कच्चे तेल वाळायला आठवडे लागतात आणि माझी सुटी दिवसांत मोजायची होती.

शेवटचा पर्याय काहीच न लावण्याचा. सुताराने खरे तर हाच आधी सुचविला होता आणि मी तो अडाणीपणा समजलो. पण जगात जहाजांचे सागवानी डेक पुष्कळदा कोरेच ठेवतात आणि खाऱ्या पाण्याने घासतात. जपानमधली हिनोकी लाकडाची स्नानाची टाकीही बिनलेपाचीच असते. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये आणि टेक्टोक्विनोनसारखी संयुगे असतात, त्यांमुळे पाणी, वाळवी आणि बुरशी यांना तो स्वतःच तोंड देतो. हा गुण गाभ्याचा आहे, सालीलगतच्या फिकट लाकडाचा नाही. आमच्या स्टुलाची एक फळी फिकट निघाली. गाभ्याचेच असते तर कदाचित मीही ते कोरेच ठेवले असते.

आम्ही जे केले ते असे. जुने पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढले. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हा त्याचा एक उपकारच. मग १२० आणि १८० नंबरच्या काचकागदाने घासले, फार गुळगुळीत न करता. सागाचे स्वतःचे तेल बाहेरच्या तेलाला वाळू देत नाही, म्हणून पहिल्या हाताच्या थोडे आधी लाकूड पुन्हा स्पिरिटने पुसून घ्यावे लागते. पहिला हात निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाइन. पंधरा-वीस मिनिटे मुरू दिले आणि वर राहिलेले सगळे कोरड्या फडक्याने पुसून काढले. येथेच बहुतेकांचे चुकते. वर राहिलेले तेल म्हणजे जास्तीचे संरक्षण असे वाटते, प्रत्यक्षात त्याचा चिकट थर होतो. दर दिवशी एक याप्रमाणे पाच हात दिले. पावसाळ्यात दिवसाला एक हात जमणार नाही, दोन हातांत दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. खुरांच्या तळाशी लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि तिथून पाणी बाजूच्या मानाने कितीतरी वेगाने चढते. म्हणून चारी खूर रात्रभर तेलाच्या बशांत उभे ठेवले. सकाळी बशा जवळजवळ कोरड्या होत्या. एवढे तेल प्यालेले पाहून मामी म्हणाल्या, "आजोबांचा पलंग आहे, तहान असणारच."

तेलाच्या फडक्यांविषयी एक गोष्ट मात्र कोणी विसरू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निघते. फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता कोंडते आणि काही तासांत फडकी आपोआप पेटू शकतात. मी ती तशीच गोणपाटावर टाकलेली पाहून मामा धावत आले. खाणीच्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण साठविलेल्या कोळशाच्या ढिगातही हेच घडते. तो हवेतला प्राणवायू हळूहळू घेतो, आत तापत जातो आणि काडी न लावता धुमसू लागतो. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

आता हिशेब. भाव गावोगावी वेगळे, म्हणून आकडे केवळ उदाहरणादाखल धरतो. समजा, पॉलिशला रुपये १,२०० लागले आणि ते न्हाणीत सहा महिने टिकले. वर्षाचा खर्च २,४०० झाला, शिवाय प्रत्येक वेळी जुने खरवडण्याची मजुरी. तेलाच्या पहिल्या पाच हातांना साहित्यासह ५०० लागले, हा झाला भांडवली खर्च. पुढे दर सहा महिन्यांनी एक हात, समजा ५० रुपयांचा, हा महसुली खर्च. पाच वर्षांत तेलाचे हजाराच्या आत भागते आणि पॉलिशचे बारा हजार होतात. माझे श्रम यात धरलेले नाहीत, अर्थशास्त्राचे सर त्यावर बोट ठेवतील हे मला ठाऊक आहे. ते धरावेत, तरी फरक मोठाच राहील. खरा भेद मात्र रकमेचा नाही. पॉलिशचा डाग एका जागी पडला तरी दुरुस्ती साऱ्या पृष्ठाची करावी लागते, तेलाला जिथे झिजले तिथे फडके फिरविले की झाले. ते घरातला कोणीही करू शकतो, कारागिराची वाट पाहावी लागत नाही.

तेलाचे दोषही सांगितले पाहिजेत. पाणी ते अडवीत नाही, फक्त सावकाश आत येऊ देते. काळसर छटा चढते. हवा न खेळणाऱ्या न्हाणीत त्यावर बुरशीही धरते, कारण जवसाचे तेल तिला आवडते. आमच्या न्हाणीचा झरोका मामांनी वर्षानुवर्षे जुन्या पाटीने झाकून ठेवला होता, ती पाटी काढली. आंघोळ झाली की स्टूल आडवे करून ठेवायचे, म्हणजे चारी खुरांचे तळ वाळतात. या दोन गोष्टींना पैसा लागला नाही, आणि माझ्या मते पाच हातांपैकी निदान दोन हातांचे काम त्या करतात.

पूर्ण वाळण्यासाठी स्टूल तीन आठवडे कोरडे ठेवायचे होते, तोवर माझी सुटी संपली. महिन्याभराने मामांचा फोन आला. आजीने पहिल्या दिवशी स्टूल हाताने चाचपून पाहिले, वर तांब्याभर पाणी ओतले, साबण चोळला, पुन्हा चाचपले, आणि मग न्हाणीचे दार आतून लावून घेतले. मामी बाहेर उभ्या होत्या. त्यांना हाक आली नाही. पुढचा हात वैशाखात द्यायचा आहे, तेल उरलेले आहे आणि बाटलीवर मी तारीख लिहून ठेवली आहे.